शाळेच्या निधीसाठी पत्र: खर्च किती, पाठवायचं कुणाला, पाठपुरावा कसा

पोस्टकार्ड आजही 50 पैशांना मिळतं, आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना, आणि 20 ग्रॅमपर्यंतच्या साध्या लिफाफ्याला पाच रुपयांचं तिकीट पुरतं. शाळेच्या गळक्या छताबद्दल आमदाराला, शिक्षणाधिकाऱ्याला किंवा संपादकाला लिहायचं तर खर्च एवढाच, असं वाटेल. नंदुरबार जिल्ह्यात खरा खर्च वेगळा आहे. धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरून जिल्हा परिषदेत जाऊन यायचं म्हणजे घाट उतरायचा, शहाद्याला किंवा तळोद्याला गाडी बदलायची आणि कामाचा अख्खा दिवस घालवायचा. 2025-26 मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. दोन पालक नंदुरबारला गेले की गाडीभाडं सोडूनच सहाशेच्या वर रुपये बुडतात. तिथे खिडकीवर “ही शाळा आमच्याकडे नाही, प्रकल्प कार्यालयात द्या” असं ऐकायला मिळालं, तर तोही दिवस वाया. म्हणून या लेखात हिशेब चुकलेल्या फेरीपासून सुरू केला आहे. ती टळली तर बाकीचं सगळं मिळून एका मजुरीच्या आत बसतं. तो जमाखर्च पुढे दिला आहे.

हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत इथली साक्षरता 64.4 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. 2018 मध्ये केंद्राने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबादसोबत नंदुरबार होता. लोकसंख्येत आदिवासी सुमारे 69 टक्के. याचा व्यवहारातला अर्थ असा, की शाळेसाठीचा पैसा इथे बऱ्याच वाटांनी येऊ शकतो: शालेय शिक्षण विभाग, आदिवासी विकास विभाग, जिल्हा नियोजन समिती, पेसा ग्रामपंचायतींचा थेट निधी, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. वाटा जितक्या जास्त, तितकं पत्र भलत्या टेबलावर जाण्याचा धोकाही जास्त.

शाळांच्या पैशासाठी लिहिण्याची परंपरा मराठी मुलखात जुनी आहे. 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. आधी त्यांनी स्वतः शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अनुभव सांगितला. मग सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे मांडलं. आणि शेवटी नेमक्या मागण्या केल्या, अगदी शिक्षकाचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा इतक्या नेमक्या. मी कोण, पैसा कुठून कुठे जातो, मला काय हवं. आजही शाळेसाठी पत्र लिहिताना हाच क्रम ठेवावा. बहुतेक पत्रं पहिल्या भागातच संपतात आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

आधी शाळा कुणाची ते पाहा

पाटीवर काय लिहिलं आहे ते वाचा. जिल्हा परिषद शाळा असेल तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशी वरची साखळी. शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळा असेल तर ती आदिवासी विकास विभागाची. तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी महत्त्वाचे, आणि जिल्ह्यात अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. नंदुरबार, नवापूर आणि शहादा तालुक्यांसाठी नंदुरबारचं. तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांसाठी तळोद्याचं. त्यांच्या वर नाशिकचे अपर आयुक्त. मोलगीकडच्या आश्रमशाळेचं पत्र नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात दिलं, तर ते तळोद्याला पोहोचेपर्यंत पावसाळा संपलेला असतो. एकलव्य निवासी शाळा केंद्राच्या योजनेतली, तिच्यासाठी खासदाराला लिहिणं जास्त उपयोगी.

प्रत्येक शाळेला 11 अंकी युडायस क्रमांक असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक 2701 ने सुरू होतो. तो मुख्याध्यापकांकडून घ्या आणि प्रत्येक पत्राच्या विषयातच लिहा. एकाच नावाचे पाडे दोन तालुक्यांत सापडतात. क्रमांक असला की शाळा चुकत नाही. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेची खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, पाणी, शिक्षक यांची माहिती फुकट पाहता येते. ती कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. नोंदीत “वापरण्यायोग्य स्वच्छतागृह: आहे” असं असेल आणि दाराला कडीच नसेल, तर पत्राचा सर्वांत भक्कम मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला.

किती पैसा येतो, तो कुठे दिसतो

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: 30 पर्यंत मुलं असतील तर 10,000 रुपये, 31 ते 100 असतील तर 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. डोंगरातल्या बऱ्याच वस्तीशाळा पहिल्या दोन टप्प्यांत मोडतात. 25,000 रुपयांत वीजबिल, खडू, फळ्याचा रंग आणि किरकोळ दुरुस्ती होते. छत होत नाही. हे आकडे पत्रात लिहिले की “अनुदानातून करून घ्या” हे उत्तर आधीच बंद होतं.

पोषण आहाराचंही तसंच. 1 मे 2025 पासून साहित्याचा दर प्राथमिकला प्रत्येक मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे आहे. तांदूळ वेगळा, 100 आणि 150 ग्रॅम. “खिचडी बरोबर मिळत नाही” असं लिहिण्यापेक्षा पट गुणिले दर गुणिले दिवस असा हिशेब मांडा आणि त्यातलं किती पोहोचलं ते विचारा.

हा हिशेब पाहण्याचा हक्क पालकांना आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचं कामच आहे. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते, आणि शासनाने अनुदान देताना त्याचा आधार घ्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि पालक सही करतात. यात पालकांचा दोष कमी आणि फॉर्मच्या भाषेचा जास्त. पण पत्राला बळ हवं असेल तर तुमची मागणी त्या आराखड्यात आधी लिहिलेली असली पाहिजे. नसेल तर पुढच्या बैठकीत ठराव करून घाला. त्याला खर्च शून्य.

कागद शाळेत मिळाला नाही तर दोन मार्ग आहेत. राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख विनाशुल्क पाहता येतात. जिल्ह्याला जायचंच असेल तर सोमवार निवडा. दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा: अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला अर्जाची फी माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. ही अट अनेकांना ठाऊक नसते आणि अर्ज परत येतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. अर्ज पंचायत समितीत बाजाराच्या दिवशी द्या, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही. “अमुक शाळेला 2024-25 आणि 2025-26 मध्ये वर्ग झालेलं संयुक्त शाळा अनुदान, दिनांक आणि रक्कम, तसेच उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मिळावी.” एवढं एक वाक्य पुरतं. कारणं लिहायची गरज नाही, कायद्याने ती विचारताही येत नाहीत.

आमदार-खासदारांना पत्र

महाराष्ट्रात विधानसभा सदस्याचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे, खासदाराचाही पाच कोटी. जिल्ह्यातले अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत, लोकसभेचा नंदुरबारही. शिक्षकांच्या जागांचा प्रश्न असेल तर नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाच्या विधान परिषद सदस्यांनाही लिहा. नंदुरबार त्यांच्याच मतदारसंघात येतं आणि गावातून त्यांना क्वचित कुणी पत्र पाठवतं.

निधीतून काम हवं असेल तर पत्रासोबत तीन कागद लागतात: जागा कुणाची आहे याचा पुरावा, बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक आणि ग्रामसभेचा किंवा समितीचा ठराव. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांना मिळतो. गावठाणात शाळा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंता करतो, त्याची फी नसते, पण मागणी लेखी करावी लागते आणि तिची पोच ठेवावी लागते. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हा कागद सर्वांत मोलाचा. अंदाजपत्रक नसलेलं पत्र “पाहतो” या शब्दावर थांबतं. ते जोडलेलं असलं की शिफारशीचं पत्र देणं आमदारांच्या कार्यालयाला अर्ध्या तासाचं काम होतं.

पत्राचा नमुना असा:

“प्रति, मा. आमदार, ...... विधानसभा मतदारसंघ.
विषय: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा ......, ता. ...... (युडायस 2701.......) येथील दोन वर्गखोल्यांचे छत दुरुस्त करणेबाबत.
महोदय,
आमच्या शाळेत पहिली ते पाचवीची ...... मुले शिकतात. तीनपैकी दोन खोल्या जून ते सप्टेंबर गळतात आणि पाचही वर्ग एका खोलीत बसवावे लागतात. गेल्या पावसाळ्यात ...... दिवस शाळा लवकर सोडावी लागली, त्याची नोंद शाळेत आहे.
शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. बांधकाम विभागाच्या दिनांक ...... च्या अंदाजपत्रकानुसार छताला ...... रुपये लागतात. हे काम शाळा विकास आराखड्यात पहिल्या क्रमांकावर आहे.
आपल्या स्थानिक विकास निधीतून हे काम चालू वर्षात सुचवावे, ही विनंती. आपला निर्णय दिनांक ...... पर्यंत कळावा, म्हणजे ग्रामसभेत गावाला सांगता येईल.
सोबत: अंदाजपत्रक, जागेचा उतारा, ठरावाची प्रत, दोन छायाचित्रे.
शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने,
अध्यक्ष व सदस्यांच्या सह्या / अंगठे”

एका पानाच्या पुढे जाऊ नका. एका पत्रात एकच मागणी. छत, संरक्षक भिंत, शिक्षक आणि पाणी एकत्र लिहिलं की वाचणारा त्यातलं सर्वांत सोपं निवडतो आणि बाकीचं मागे पडतं. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि ओळखणाऱ्याची सही घ्या. पत्र भिलोरी, पावरी किंवा मावचीत बोलून घ्या, लिहिणाऱ्याने मराठीत लिहावं आणि सह्यांच्या आधी पुन्हा त्याच बोलीत वाचून दाखवावं. आईने सांगितलेला तपशील, उदाहरणार्थ पावसात मुलीला कडेवर घेऊन नाला ओलांडायचा, लिहिणाऱ्याच्या हातून “दळणवळणाची गैरसोय” होऊन जातो. तो तिच्या शब्दांतच ठेवा. दिल्लीला लिहायचं तरी इंग्रजीची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं.

निधीखेरीज आमदार आणखी एक काम करू शकतात, आणि ते मागायचं लोकांना सुचत नाही: विधानसभेत प्रश्न विचारणं. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी जून-जुलैत, हिवाळी बहुधा डिसेंबरात नागपूरला. प्रश्नांच्या सूचना काही आठवडे आधी द्याव्या लागतात, म्हणून पत्र दोन महिने आधी पोहोचू द्या. प्रश्न त्यांच्याच भाषेत तयार करून द्या: “(1) ...... तालुक्यातील ...... शाळांमध्ये शिक्षकांची ...... पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय. (2) असल्यास, ती भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली. (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” उत्तर लेखी येतं, छापलं जातं, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात त्याचा हवाला देता येतो.

कमी पट आणि अंतर

21 सप्टेंबर 2023 रोजी शिक्षण आयुक्तांनी राज्यातल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा 14,783 होत्या. उदाहरण म्हणून दिलेल्या दोन ठिकाणांत पुण्याचं पानशेत होतं आणि आपल्या जिल्ह्याचं तोरणमाळ. त्यानंतर ग्रामसभांत, शिक्षक संघटनांत आणि वर्तमानपत्रांत मोठा विरोध उमटला. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळतं, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला घर सोडून वसतिगृहात राहावं लागतं किंवा तो शाळाच सोडतो, ही किंमत त्या प्रस्तावात मोजली पाहिजे, आणि ती तुमच्याशिवाय कुणी मोजून देणार नाही.

तुमच्या पाड्याची शाळा त्या यादीत असेल तर पत्राचा गाभा अंतर हाच ठेवा. महाराष्ट्राच्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. नकाशावरची सरळ रेषा सातपुड्यात फसवते. पायवाटेने चालून वेळ लिहा, उन्हाळ्यातला वेगळा आणि पावसाळ्यातला वेगळा. मधले नाले, चढ, पूल नसलेली जागा लिहा. हाताने काढलेला नकाशा जोडला तर उत्तम.

वर्तमानपत्राला लिहिताना

वाचकांचं पत्र छापायला पैसे लागत नाहीत, लागू नयेत. “जाहिरात द्या, मग बातमी लावू” असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि पत्र थेट संपादकांच्या नावे जिल्हा कार्यालयात किंवा ई-मेलने पाठवा. ई-मेल करताना हस्तलिखिताचा फोटो पाठवू नका. युनिकोडमध्ये टंकित मजकूर असला की तो पुन्हा टाइप करावा लागत नाही. नाव, गाव आणि फोन नंबर द्यायचाच. निनावी पत्र सहसा छापलं जात नाही. दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. त्याच आठवड्यातल्या बातमीचा धागा पकडता आला तर शक्यता वाढते: अर्थसंकल्प मांडला, पालकमंत्र्यांनी नियोजन समितीची बैठक घेतली, पहिला पाऊस झाला. स्थानिक पुरवणीत छापलेलं पत्र कलेक्टर कचेरीत वाचलं जातं; मुंबईच्या अंकातलं, उदाहरणार्थ लोकसत्तेच्या “लोकमानस”मधलं, मंत्रालयात. छताच्या मागणीसाठी स्थानिक, धोरणाच्या मुद्द्यासाठी राज्य पातळीचं.

मोठी विशेषणं टाळा. जानेवारी 2022 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या खिरखिंडीच्या मुली शाळेसाठी कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत जातात आणि पुढे जंगलातून चालतात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीत “शिक्षणाची दुरवस्था” असं लिहिलं असतं तर कुणी थांबून वाचलं नसतं. होडी आणि वल्हं हातात घेतलेल्या मुली होत्या, म्हणून न्यायमूर्ती थांबले. आपल्याकडे नर्मदाकाठच्या गावांत असे तपशील रोज घडतात, ते लिहा.

संपादकाला पत्र असं जमतं: “आमच्या पाड्याच्या शाळेत चार वर्गांना एक शिक्षक आहेत. ते पोषण आहाराची नोंद करतात, ऑनलाइन माहिती भरायला नेटवर्क मिळेल अशा टेकडीवर जातात, आणि केंद्राची बैठक असली की शाळा बंद असते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आमचा पट...... आहे. दुसरं पद ...... पासून रिक्त आहे. नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी ते भरलं जाईल का, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी जाहीर करावं.” शेवटी उत्तर देण्याजोगा प्रश्न आणि उत्तर द्यायचं कुणी, दोन्ही आहेत.

दोन सावधगिऱ्या. मुलांची नावं आणि चेहरे ओळखू येतील असे फोटो देऊ नका. आणि पत्रावर शिक्षकाची सही घेऊ नका: जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत, प्रशासनावर टीका केल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. चांगला शिक्षक बदलून गेला तर नुकसान शाळेचंच. पत्र पालकांनी लिहावं.

पाठवणी आणि जमाखर्च

कार्यालयात हातोहात देणार असाल तर दोन प्रती न्या, आवक-जावक बारनिशीत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पुढची सगळी विचारपूस त्या क्रमांकावर होते. टपालाने पाठवायचं असेल तर रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, हे लक्षात असू द्या. 1 ऑक्टोबर 2025 पासूनचा दर 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक 19 रुपये आणि बाहेरगावी देशात कुठेही 47 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरगावचं पत्र साधारण 55 रुपये. ए-फोर कागद पाच ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे लिफाफ्यासह सात पानं निर्धास्त बसतात. पावतीवरच्या क्रमांकाने पत्र कधी पोहोचलं ते मोबाइलवर दिसतं. ते पान जपून ठेवा.

आता एका मागणीचा पूर्ण जमाखर्च. माहिती अधिकार अर्ज 10 रुपये, मिळालेल्या वीस पानांचे 40, सातबारा 15. सहा पानांचा संच पाच प्रतींत, झेरॉक्स दोन रुपये पान धरलं तर 60. आमदार, मुंबईतले सचिव आणि दिल्लीतले खासदार अशी तीन स्पीड पोस्ट 166. अंदाजपत्रक, ठराव, बारनिशीतली पोच आणि वर्तमानपत्राचा ई-मेल यांना काही नाही. एकूण 291 रुपये, एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी. हे पैसे संयुक्त अनुदानातून घेऊ नका. समितीच्या सदस्यांनी वीस-वीस रुपये काढले तरी भागतं आणि हिशेबावर बोट राहत नाही. प्रत्यक्ष जावंच लागलं तर एसटीत महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. समितीतल्या महिला सदस्य गेल्या तर भाडं वाचतं, आणि पत्रातली गोष्ट सांगायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही.

उत्तर नाही आलं तर

तीस दिवस थांबा, मग आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, विनाशुल्क, पण तालुका पातळीवर आधी दाद मागितल्याचा कागद जोडून. आपले सरकार पोर्टलवर तक्रार फुकट नोंदवता येते. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी ग्रामपंचायतीचा पेसा निधीही विसरू नये. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. शाळेची पाण्याची टाकी किंवा स्वच्छतागृहाचं दार याच पैशातून लवकर होतं, मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाचा गाव आराखडा सुरू होतो, तेव्हा विषय लेखी द्या.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क डावलला जात असेल, म्हणजे शिक्षक नाही, खोली नाही, पाणी नाही, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 वापरा. जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करायची; तिला संबंधितांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीच्या मथळ्यात “कलम 32 अन्वये” हे शब्द लिहाच, नाहीतर ती साधा अर्ज म्हणून फाइलला लागते.

त्यापुढे न्यायालय. नंदुरबार उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या कक्षेत येतं. वकिलाचा खर्च कसा झेपणार, या विचाराने पालक इथवर येऊन परततात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे साध्या कागदावर अर्ज करायचा, सोबत पत्रांच्या पोचपावत्या आणि जातीचा दाखला जोडायचा.